डॅफोडिल्स आणि गायरान

रोमँटिक कवींनी निसर्गाला गुरू, सखा आणि ईश्वर मानले, हे वाक्य आपल्या पदव्युत्तर वर्गांत इतके रुळले आहे की ते कशावरून म्हटले जाते, हे विचारण्याची गरज कोणास वाटत नाही. विद्यार्थी ते उत्तरपत्रिकेत लिहितात आणि आम्ही अध्यापक त्याला गुण देतो. औद्योगिक क्रांतीने शहरे धुराने भरली, बुद्धिवादाने मन कोरडे केले, म्हणून कवी निसर्गाकडे वळले, अशी कारणमीमांसाही सोबत ठरलेली असते. या विधानात खोटे असे काही नाही. पण त्यातून एक समज नकळत पक्का होतो. निसर्ग तेथे आधीपासूनच तयार, स्थिर आणि कुणाच्याही मालकीचा नसलेला असा पडून होता, कवी फक्त त्याच्याकडे गेले, असे आपण गृहीत धरतो. वस्तुस्थिती जवळजवळ याच्या उलट आहे. ज्या साठसत्तर वर्षांत ही कविता लिहिली गेली त्याच वर्षांत इंग्लंडमधील जमिनीची मालकी, तिचा वापर आणि तिचे दिसणे ही तिन्ही मुळापासून बदलत होती. कविता त्या बदलाच्या पोटातच जन्मली. कुणी त्या बदलाकडे पाठ करून लिहिले, कुणी त्याच्याशी वाद घातला, आणि एका कवीने तर कुंपणाची काटेरी झुडपे स्वतःच्या हातांनी लावली.

सुरुवात वर्ड्सवर्थच्या थोडी आधीपासून करावी लागते. आज सरोवरांचा प्रदेश म्हणून जो भाग प्रसिद्ध आहे, त्या वेस्टमोरलंडचे वर्णन डॅनिएल डीफोने १७२०च्या दशकातील आपल्या प्रवासग्रंथात भयाण आणि नापीक मुलूख असे केले होते. डोंगर म्हणजे अडथळा. पिकत नाही ती जमीन कुरूप, असा तो हिशेब होता. पुढील पन्नास वर्षांत हाच मुलूख प्रेक्षणीय ठरला. डोंगर बदलले नव्हते, पाहणाऱ्यांच्या डोळ्यांना मात्र नवे वळण लागले होते. १७५७मध्ये एडमंड बर्कने उदात्त आणि सुंदर यांच्या भेदावर ग्रंथ लिहिला आणि भय वाटण्यातही एक प्रकारचा आनंद असतो, या विचाराला प्रतिष्ठा दिली. १७८२मध्ये विल्यम गिल्पिनने वाय नदीच्या सफरीचे पुस्तक काढून 'पिक्चरेस्क', म्हणजे चित्रात शोभेल अशा दृश्याची कल्पना लोकप्रिय केली. टॉमस वेस्टच्या १७७८च्या मार्गदर्शिकेत तर सरोवरे कोठून पाहावीत याची ठिकाणेच नेमून दिली होती. हौशी प्रवासी सोबत एक काळसर, किंचित फुगीर आरसा बाळगत. दृश्याकडे पाठ करायची आणि आरशात त्याचे चित्र पाहायचे! कवी टॉमस ग्रे १७६९च्या सफरीत असाच आरसा हाती धरून चालताना उताणा पडला; आरसा शाबूत राहिला, बोटांची सालटी मात्र निघाली. ही हकिकत त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे.

निसर्गाकडे पाठ करून निसर्ग पाहण्याच्या या रीतीची आपण थट्टा करू शकतो. पण वर्ड्सवर्थ याच हवेत वाढला हे विसरता येत नाही. १७९३मध्ये फ्रान्सशी युद्ध सुरू झाले, ते मधला थोडा काळ वगळता १८१५पर्यंत चालले. युरोपची सफर दुरापास्त झाली आणि सुखवस्तू इंग्रज घरचेच डोंगर पाहू लागले. निसर्गप्रेमाला असा एक पर्यटनाचा बाजार पाठीशी होता. वर्ड्सवर्थचे मोठेपण हे की, 'दृश्य कसे दिसते' या प्रश्नाच्या जागी 'दृश्य मनात काय करते' हा प्रश्न त्याने आणला. आरसा बाहेरून आत गेला, असे म्हणता येईल. आत गेलेला आरसाही निवड करतोच, हे मात्र आपल्या टिपणांत सहसा येत नाही.

'टिंटर्न अ‍ॅबी' या नावाने ओळखली जाणारी कविता हे याचे ठळक उदाहरण. १३ जुलै १७९८ ही तारीख कवीने शीर्षकातच घातली आहे. आठ वर्षांपूर्वी याच तारखेला वीस वर्षांचा वर्ड्सवर्थ कॅलेच्या बंदरात उतरला होता. दुसऱ्या दिवशी बास्तीयच्या पाडावाचा पहिला वर्धापनदिन होता आणि सारा फ्रान्स उत्सवात होता. वाय नदीकाठी तो पहिल्यांदा आला १७९३मध्ये, तेव्हा क्रांतीच्या बाजूने असलेल्या या तरुणाचा देश क्रांतीशी लढू लागला होता आणि आनेत व्हालाँपासून झालेली त्याची तान्ही मुलगी कॅरोलिन फ्रान्समध्ये राहिली होती. १७९८च्या कवितेत यातले काही नाही. त्या परिसरात लोखंडाच्या भट्ट्या होत्या आणि मठाच्या पडक्या भिंतींच्या आश्रयाने भिकारी राहत, हे गिल्पिनने नोंदले होते. कवितेत तेही नाही. इतकेच काय, मठसुद्धा नाही. झाडीतून वर येणारा धूर आहे, तो कुणा भटक्यांचा किंवा एखाद्या एकांतवासी तपस्व्याचा असावा, अशी कल्पना कवी करतो.

यावरून १९८०च्या दशकात अमेरिकी समीक्षेत मोठा वाद झाला. जेरोम मॅकगन याने १९८३मध्ये आणि मार्जोरी लेव्हिन्सन हिने १९८६मध्ये असे मांडले की, या कवितेत निसर्ग इतिहासाला झाकण्याचे काम करतो. जोनाथन बेटने १९९१च्या 'रोमँटिक इकॉलॉजी' या पुस्तकात उलट बाजू घेतली: निसर्गाविषयीची आस्था ही काही पळवाट नव्हे, पर्यावरणाच्या आजच्या विचाराची ती एक पूर्वपीठिका आहे. मला मॅकगनप्रभृतींचा आरोप थोडा दांडगाईचा वाटतो. कविता म्हणजे काही तहसीलदाराचा पाहणी अहवाल नव्हे, की अमुक नोंद राहिली म्हणून ती खोटी ठरावी. पण त्यांनी दाखवलेली एक गोष्ट नाकारता येत नाही. क्रांतीने ज्या जागी आशा निर्माण केली होती आणि जी जागा नंतर रिकामी झाली, तेथे वर्ड्सवर्थने निसर्ग बसवला. 'निसर्ग हा गुरू' या वाक्यामागे एक राजकीय भ्रमनिरास उभा आहे. तो काढून घेतला की उरते ते सुभाषित.

शिवाय वर्ड्सवर्थला माणसे दिसत नव्हती असेही नाही. १८०० सालच्या 'लिरिकल बॅलड्स'च्या दुसऱ्या आवृत्तीतील 'मायकेल' ही कविता एका वृद्ध मेंढपाळाची आणि त्याच्या हातून निसटू पाहणाऱ्या वडिलोपार्जित जमिनीची आहे. ही आवृत्ती त्याने जानेवारी १८०१मध्ये चार्ल्स जेम्स फॉक्स या पुढाऱ्याला पाठवली आणि सोबतच्या पत्रात, थोडीशी का होईना स्वतःची जमीन असलेल्या या लहान शेतकऱ्यांचा वर्ग झपाट्याने नाहीसा होत आहे, याकडे लक्ष वेधले. जमिनीचा तुकडा कुटुंबातील मायेला आधार देतो, असे त्याचे म्हणणे होते. खासदाराला कवितासंग्रह पाठवून शेतीप्रश्नावर पत्र लिहिणारा हा वर्ड्सवर्थ आपल्या वर्गात फारसा येत नाही. येतो तो डॅफोडिल्सचा.

त्या कवितेचीही गोष्ट सांगण्याजोगी आहे. १५ एप्रिल १८०२ रोजी अल्सवॉटर सरोवराच्या काठाने, गोबॅरो पार्कजवळून, विल्यम आणि त्याची बहीण डोरोथी चालत येत होती. त्या दिवशी वारा इतका जोराचा होता की चालणे कठीण झाले होते, असे डोरोथी आपल्या रोजनिशीत लिहिते. काठावर डॅफोडिल्सचा पट्टाच्या पट्टा तिला दिसला. काही फुले थकल्यासारखी दगडांवर मान टेकून होती, बाकीची वाऱ्यावर डुलत, नाचत होती. विल्यमची कविता १८०७मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात फुलांचे नर्तन आहे, पण दगडावर विसावलेली थकलेली फुले नाहीत, आणि बहीणही नाही. कवी एकटा आहे. कवितेतील ज्या दोन ओळी अंतःचक्षूविषयी आहेत आणि ज्यांत आपण कवीच्या एकांताचे सार शोधतो, त्या त्याच्या पत्नीने, मेरीने, सुचवल्या होत्या. हे त्यानेच पुढे सांगितले आहे. म्हणजे इंग्रजीतील या सर्वांत प्रसिद्ध एकांताला तीन माणसांचे हात लागले आहेत. यात फसवणूक नाही. एकांत हा या कवितेचा रचलेला प्रकार आहे, एवढेच यावरून कळावे. तो जसाच्या तसा चरित्रात नेऊन बसवला की घोटाळा होतो.

डोरोथीच्या रोजनिशीत आणखी एक नोंद आहे, जी मला डॅफोडिल्सपेक्षा मोलाची वाटते. ३ ऑक्टोबर १८०० रोजी त्यांना वाटेत एक कंबरेत वाकलेला म्हातारा भेटला. जळवा गोळा करणे हा त्याचा धंदा होता. वैद्यांना रक्त काढण्यासाठी त्या लागत. आता जळवा फार मिळत नाहीत, असे त्याने सांगितले. कोरडा हंगाम हे एक कारण होतेच. पण मागणी फार वाढली आणि त्या तितक्या वेगाने वाढत नाहीत, म्हणून कित्येक वर्षे त्यांचा तुटवडाच आहे, असा त्याचा अंदाज होता. बाजारामुळे एक जीव दुर्मीळ होत जातो, ही गोष्ट एका अशिक्षित म्हाताऱ्याने दोन वाक्यांत सांगितली आणि एका स्त्रीने ती टिपून ठेवली. वर्ड्सवर्थने या भेटीवर १८०२मध्ये मोठी कविता लिहिली. तीतही जळवा कमी झाल्याचा उल्लेख आहे, पण कवितेचे लक्ष म्हाताऱ्याच्या धीरोदात्ततेवर आणि त्यातून कवीला मिळणाऱ्या बळावर आहे. म्हातारा जवळजवळ एखाद्या शिळेसारखा, निसर्गाचा भाग होऊन उभा राहतो. बहिणीच्या नोंदीत मात्र तो माणूस आहे. त्याला बायको होती, मुले होती, अपघातात मोडलेला पाय होता.

वर्ड्सवर्थच्या या भूमिकेला पहिला आक्षेप त्याच्या सर्वांत जवळच्या मित्राने घेतला. १८०२च्या ४ ऑक्टोबरला, म्हणजे वर्ड्सवर्थच्या लग्नाच्या दिवशीच, 'मॉर्निंग पोस्ट'मध्ये कोलरिजची 'डिजेक्शन' ही ओड छापून आली. निसर्ग आपल्याला जे देतो ते मुळात आपणच त्याला दिलेले असते. मन मेले की डोंगर, चांदणे, वारा यांपैकी काहीही त्याला जागे करू शकत नाही, हा तिचा आशय. 'निसर्ग सांत्वन करतो' या सिद्धांताला दिलेले इतके स्पष्ट उत्तर रोमँटिक कवितेच्या ऐन उमेदीत, त्याच घरोब्यातून आले. तरी आपण 'रोमँटिकांचा निसर्गविषयक दृष्टिकोन' असे एकवचनात शिकवतो.

पुढे वर्ड्सवर्थ प्रतिष्ठित झाला. सरोवरांच्या प्रदेशावर त्याने लिहिलेली मार्गदर्शिका १८१०मध्ये दुसऱ्याच्या चित्रसंग्रहाची निनावी प्रस्तावना म्हणून निघाली आणि १८३५पर्यंत वाढत वाढत स्वतंत्र ग्रंथ झाली. तिच्यात हा प्रदेश मेंढपाळ-शेतकऱ्यांच्या पिढ्यान् पिढ्यांच्या वहिवाटीने घडला, ही जाणीव आहे. नव्याने येऊन पांढरीफेक घरे बांधणाऱ्यांवर आणि लार्चच्या लागवडी करणाऱ्यांवर राग आहे. ज्याला पाहणारा डोळा आणि आनंद घेणारे हृदय आहे, त्या प्रत्येकाचा या प्रदेशावर एक प्रकारचा राष्ट्रीय हक्क आहे, असा विचारही आहे. १८९५मध्ये स्थापन झालेली नॅशनल ट्रस्ट आणि १९५१मध्ये झालेले लेक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यान यांची वंशावळ सांगताना या विचाराचा उल्लेख होतो, आणि ते योग्यच आहे.

पण १८४४मध्ये केंडलहून विंडरमिअरपर्यंत रेल्वे आणण्याचा बेत जाहीर झाला, तेव्हा राजकवीपदी असलेल्या, पंचाहत्तरीला टेकलेल्या वर्ड्सवर्थने एक सुनीत लिहिले आणि 'मॉर्निंग पोस्ट'ला दोन पत्रे पाठवली. त्याचा मुख्य मुद्दा असा की, डोंगर-सरोवरांचे सौंदर्य कळण्याची शक्ती उपजत नसते. ती सावकाश, संस्काराने येते. तेव्हा गिरणीकामगारांना हजारोंनी गाड्यांत भरून एका दिवसासाठी येथे आणून उतरवल्याने त्यांचे भले होणार नाही. त्यांनी रविवारी आपल्या गावालगतच्या शेतांतून फिरावे. सामान्य माणसाच्या भाषेत आणि भावनेत काव्याचे मूळ आहे, असे १८००च्या प्रस्तावनेत ज्याने लिहिले, त्याचेच हे शब्द. 'सर्वांचा हक्क' आणि 'पाहणारा डोळा' यांत निवड करण्याची वेळ आली तेव्हा डोळ्याचे पारडे जड झाले. त्याची भीती निराधार होती असे आज महाबळेश्वरला सुट्टीत गेलेला कोणी म्हणणार नाही! पण निसर्ग कुणाचा, हा प्रश्न येथे उघडपणे समोर येतो, आणि वर्ड्सवर्थचे उत्तर सुखावह नाही. रेल्वे १८४७मध्ये विंडरमिअरला पोहोचली.

या पत्रांच्या एकोणीस वर्षे आधी, ४ जून १८२५ रोजी, नॉर्दॅम्प्टनशरमधल्या हेल्पस्टन गावचा एक शेतमजूर रॉइस वूड नावाच्या रानाच्या टोकाशी फिरत असताना त्याला तीन अनोळखी माणसे मोजणी करताना दिसली. मँचेस्टर ते लंडन 'लोखंडी रस्ता' आखण्याचे काम चालले होते. घरी येऊन त्याने रोजनिशीत लिहिले की, कुंपणबंदीनंतर आता हे नवे आक्रमण आले. रानाच्या टोकाची ती दलदलीची जागा, जिथे ऑर्किडची फुले येतात, ती आता जाणार. राष्ट्र, अभिरुची, संस्कार यांपैकी एकही शब्द त्या नोंदीत नाही. एक दलदल आहे आणि तिच्यात उगवणारे एक फूल. या माणसाचे नाव जॉन क्लेअर.

क्लेअरचा जन्म १३ जुलै १७९३चा. बाप मळणीमजूर, आई निरक्षर. हेल्पस्टनच्या पूर्वेला पाणथळ सपाट मुलूख, दुसऱ्या बाजूला चुनखडीचा माळ. गाव जुन्या खुल्या शेतीपद्धतीचे होते. मोठमोठी सामायिक शेते, त्यांत प्रत्येकाच्या विखुरलेल्या पट्ट्या, आणि भोवती गायरान, पडीक माळ, पाणवठे. गरिबाच्या घरची एखादी गाय किंवा मेंढरे गायरानावर चरत. माळावरून सरपण मिळे. कापणीनंतर शेतात सरवा वेचता येई. कागदोपत्री जमीन नसलेल्यांनाही जमिनीत असा एक वाटा होता. १८०९मध्ये हेल्पस्टन आणि आसपासच्या गावांसाठी पार्लमेंटने कुंपणबंदीचा, म्हणजे 'एन्क्लोजर'चा कायदा केला. तेव्हा क्लेअर सोळा वर्षांचा होत होता. अंतिम निवाडा झाला १८२०मध्ये, त्याचे पहिले पुस्तक निघाले त्याच वर्षी. सारी जमीन मोजून, तुकडे पाडून, ज्याच्या त्याच्या नावे लावून भोवती वई घातली गेली. हे एका गावापुरते नव्हते. १६०४ ते १९१४ या काळात अशा ५,२००हून अधिक विधेयकांचे कायदे झाले आणि सुमारे ६८ लाख एकर, म्हणजे इंग्लंडच्या एक-पंचमांशाहून थोडी अधिक जमीन त्यांखाली आली. त्यांतील बहुसंख्य कायदे १७६० ते १८३० या सत्तर वर्षांतले आहेत. वर्ड्सवर्थच्या जन्मापासून कीट्स-शेलींच्या मृत्यूपर्यंतचा सगळा काळ याच पट्ट्यात येतो.

यामुळे उत्पादन वाढले की नाही, गरिबांचे नुकसान नेमके किती झाले, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. हॅमंड दांपत्याने १९११मध्ये मांडलेले चित्र अतिरंजित ठरवले गेले. पुढे १९९३मध्ये जे. एम. नीसन यांनी गायरानावर जगणाऱ्यांची बाजू पुन्हा भक्कम पुराव्यांनिशी उभी केली. साहित्याच्या अभ्यासकाला त्याहून वेगळा एक धागा महत्त्वाचा आहे. तो जॉन बॅरलने १९७२च्या आपल्या पुस्तकात उलगडला. जुन्या पद्धतीचे गाव वर्तुळासारखे होते; शेते, वाटा, माळ हे सारे गावाभोवती फिरत आणि गावातल्या माणसाच्या जगाला केंद्र असे. कुंपणबंदीने सरळ रस्ते आणि काटकोनी शेते आली. गाव कुठून तरी कुठे तरी जाणाऱ्या रस्त्यावरचे एक ठिकाण झाले. क्लेअरची निसर्गकविता ही त्या मोडलेल्या वर्तुळाची कविता आहे. तिच्यात उंचावरून पाहिलेला देखावा क्वचित येतो. कवी वाकून, गुडघ्यांवर बसून, झुडपात हात घालून पाहतो. कुठल्या पक्ष्याचे घरटे जमिनीपासून किती उंच, कशाने विणलेले, अंड्यांवर ठिपके कसे, हे तो सांगतो आणि थांबतो. त्यातून धडा काढण्याची घाई त्याला नसते.

आणि या सगळ्यात एक विदारक गोष्ट आहे. जमिनीभोवती कुंपणे घालण्यासाठी मजूर लागत होते, आणि पोटासाठी क्लेअरने ते कामही केले. ज्या काटेरी झुडपांच्या रांगांनी त्याच्या बालपणीच्या वाटा बंद झाल्या, त्यांतली काही त्याच्याच हातची होती. पूर्वी जेथे कोणीही जाई तेथे आता 'प्रवेश बंद'च्या पाट्या लागल्या. रानात हिंडताना आपल्याला कोणी चोरटा शिकारी समजेल, ही धास्ती त्याच्या लिहिण्यात पुन्हा पुन्हा येते. निसर्गाच्या सान्निध्यात कवीला भय वाटते ते उदात्ताचे नव्हे, राखणदाराचे! बर्कच्या ग्रंथात या भयाला जागा नाही.

१८२०मध्ये जॉन टेलरने त्याचा पहिला संग्रह काढला. कीट्सचा प्रकाशकही तोच. 'शेतकरी कवी' म्हणून लंडनमध्ये क्लेअरचे कौतुक झाले, वर्षभरात चार आवृत्त्या निघाल्या; कीट्सला हे भाग्य लाभले नव्हते. पण गावावरील कवितेत संपत्तीला शाप देणाऱ्या ज्या ओळी होत्या, त्यांवर लॉर्ड रॅडस्टॉक या आश्रयदात्याने हरकत घेतली आणि त्या पुढील छपाईतून गेल्या. गायरानाच्या कुंपणबंदीवर थेट लिहिलेली 'द मोअर्स' ही कविता त्याच्या हयातीत छापलीच गेली नाही. टेलरने त्याचे व्याकरण, विरामचिन्हे, बोलीतले शब्द नीटनेटके केले. ओळींनाही एक प्रकारचे कुंपण पडले, असे म्हणण्याचा मोह होतो. पण टेलर नसता तर क्लेअर छापलाच गेला नसता, हेही खरे.

या दोन कवींची, कीट्स आणि क्लेअर यांची, भेट कधी झाली नाही, पण प्रकाशकाच्या मध्यस्थीने एकमेकांविषयीचे मत पोहोचले. क्लेअरच्या कवितेत वर्णन भावनेवर मात करते, असे कीट्सला वाटे. क्लेअरला वाटे की, कीट्स शहरातला माणूस. तो निसर्गाचे वर्णन करतो ते डोळ्यांनी पाहिलेल्या वस्तूचे नसून मनाच्या कल्पनेत उतरलेल्या वस्तूचे. रोमँटिक निसर्गकवितेवरची सगळी चर्चा या दोन मतांच्या मधल्या जागेत मावते. गंमत अशी की पुढची शंभर वर्षे समीक्षेने फक्त कीट्सचे मत ऐकले.

१८३२मध्ये क्लेअर हेल्पस्टन सोडून तीन मैलांवरच्या नॉर्थबरोला राहायला गेला. आश्रयदात्यांनी दिलेले घर आधीच्यापेक्षा चांगले होते. तरी त्या तीन मैलांवर त्याने निर्वासिताच्या कविता लिहिल्या. तेथला सूर्यसुद्धा परका वाटतो, असा त्यांचा सूर आहे. १८३७मध्ये त्याला एपिंगच्या अरण्यातील एका मनोरुग्णालयात ठेवण्यात आले. जुलै १८४१मध्ये तेथून निघून तो चार दिवसांत ऐंशीहून अधिक मैल चालत घरी आला. भूक लागली तेव्हा रस्त्याकडेचे गवत त्याने खाल्ले. त्या डिसेंबरात त्याला नॉर्दॅम्प्टनच्या मनोरुग्णालयात नेले, तेथेच २० मे १८६४ रोजी तो मरण पावला. कुंपणबंदीमुळे तो वेडा झाला, असे सरळ समीकरण काही लेखक मांडतात. ते मला पटत नाही. गरिबी होती, प्रसिद्धीचा चढउतार होता, मोठ्या कुटुंबाची ओढाताण होती, आणि मनाच्या व्याधीला असे एकच कारण सहसा नसते. पण 'निसर्ग दुखऱ्या मनाला सावरतो' हे सूत्र लिहिताना गवत खाणारा हा कवी आपल्याला आठवायला हवा.

आता आपल्याकडे येऊ. पॅलग्रेव्हने १८६१मध्ये संपादिलेली 'गोल्डन ट्रेझरी' आपल्याकडील इंग्रजी शिकलेल्या पिढ्यांच्या हाती पोहोचली. केशवसुतांच्या (१८६६–१९०५) पिढीच्या काव्यविषयक कल्पना घडवण्यात तिचा वाटा मोठा, हे आपल्या वाङ्मयेतिहासांत नेहमी सांगितले जाते. पॅलग्रेव्हने संग्रहाचे चार भाग केले आणि ते शेक्सपिअर, मिल्टन, ग्रे आणि वर्ड्सवर्थ यांच्या नावांनी ओळखता येतील असे प्रस्तावनेत म्हटले. म्हणजे संपूर्ण रोमँटिक कालखंडाला आपण मुळातच वर्ड्सवर्थच्या नावाने भेटलो, आणि तोही लहान भावगीतांचा वर्ड्सवर्थ; फॉक्सला पत्र लिहिणारा नव्हे.

त्याच सुमारास येथे काय चालले होते? १८७८मध्ये ब्रिटिश सरकारने वनकायदा केला आणि रानांचे राखीव, संरक्षित असे वर्ग पाडून त्यांवर सरकारी हक्क बसवला. महात्मा फुल्यांनी १८८३मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये याची झळ स्पष्ट दिसते. डोंगर, दऱ्या, पडीक जमिनी आणि गायराने या नव्या खात्याने गिळली, शेतकऱ्याच्या शेळ्या-मेंढ्यांना चरायला जागा उरली नाही, अशी तक्रार त्यांनी तेथे केली आहे. हेल्पस्टनच्या क्लेअरला हा मजकूर परका वाटला नसता. आपल्या अभ्यासक्रमात मात्र 'असूड' सामाजिक विचारांच्या पत्रिकेत जातो आणि निसर्गकविता काव्याच्या पत्रिकेत. दोन्ही एकाच पंचवीस-तीस वर्षांतल्या, एकाच मुलखातल्या असूनही त्यांची गाठ पडत नाही.

बालकवींचेच पाहा. धरणगावात जन्मलेल्या, अठ्ठाविसाव्या वर्षी १९१८मध्ये रेल्वेच्या अपघातात गेलेल्या या कवीला आपण 'निसर्गकवी' हे नाव देऊन मोकळे झालो. त्यांचे औपचारिक इंग्रजी शिक्षण जेमतेमच. तरी त्यांना वर्ड्सवर्थच्या मापाने मोजण्याची सवय सुटत नाही. 'औदुंबर' या त्यांच्या आठ ओळींच्या कवितेवर पानेच्या पाने लिहिली गेली, त्यांतील बहुतेक चर्चा पाण्यात पाय सोडून बसलेल्या झाडाच्या अर्थाभोवती फिरते. ते उदासीचे प्रतीक की विरक्तीचे, हा वाद रंगतो. पण त्या आठ ओळींत झाडाकडे पोहोचण्याआधी एक चिमुकले गाव लागते, शेतमळ्यांची दाटी लागते, आणि त्यांच्यामधून डोहाकडे जाणारी एक पायवाट लागते. पायवाट आपोआप पडत नाही. ती रोज कुणाच्या पावलांनी पडते, त्या मळ्यांत कोण राबते आणि त्या डोहावर कोण पाणी भरते, हे विचारत ती कविता एकदा वर्गात वाचून पाहावी, असे मी माझ्या सहअध्यापकांना सुचवेन.